इंग्रजी क्रियापदांची सोयरीक

ज्या वर्षी आमच्या शाळेचे इंग्रजीचे शिक्षक हिवतापाला कंटाळून आपल्या गावी परत गेले, त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवण्याचे काम अकस्मात माझ्याकडे आले. मी संस्कृतचा शिक्षक. माझे बालपण पाठशाळेत, गुरूंसमोर मांडी घालून संथा घेण्यात गेले. इंग्रजी मी उशिरा, मिसरूड फुटल्यानंतर, एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या ओसरीवर बसून शिकलो आणि बाहेरून परीक्षा देत देत पदवीपर्यंत पोचलो. त्या भाषेशी माझे नाते पाहुण्याचे होते. तिच्या घरात मी जोडे बाहेर काढून बसत असे, पण पाय पसरत नसे. मुख्याध्यापकांना त्याची चिंता वाटली नाही. "शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "संस्कृतचं व्याकरण ज्यानं पचवलं, त्याला इंग्रजीचं व्याकरण म्हणजे जेवणानंतरची बडीशेप."

ती बडीशेप चघळताना माझे दात किती दुखले, ते माझे मला ठाऊक.

पन्नास साल उलटून थोडीच वर्षे झाली होती. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली ही त्याची एक तहसील होती. आमचे गाव वैनगंगेच्या पूर्वेला, जंगलाच्या तोंडाशी होते. शाळेत व्यापाऱ्यांची आणि कास्तकारांची मुले असत, आणि आतल्या खेड्यांतून आलेली, शाळेमागच्या कौलारू छपरीत राहून हाताने भात शिजवून खाणारी काही मुलेही असत. त्यांतला एक विद्यार्थी इतरांहून वयाने चांगलाच मोठा होता. शाळेत तो उशिरा आला होता, एकदा मॅट्रिकला बसून इंग्रजीत नापास झाला होता, आणि आता शेवटच्या बाकावर गुडघे आखडून पुन्हा बसला होता. वर्गातली मुले त्याला 'भाऊ' म्हणत. गोंड पाटलाचा तो नातू. त्याच्या गावची शाळा केव्हाची बंद होती, कारण बाहेरून येणारा मास्तर पावसाळ्यात रस्ता तुटला की पळ काढी किंवा तापाने अंथरूण धरी. शाळाखात्याच्या साहेबांनी त्याच्या आजाला शब्द दिला होता की, तुमच्याच गावचा मॅट्रिक झालेला माणूस दाखवा, शाळा त्याच्या स्वाधीन करतो. आजाने नातवाला आणखी एक वर्ष दिले होते. त्यानंतर नांगर. म्हणजे या एका मुलाच्या इंग्रजीवर एका गावाची शाळा टांगलेली होती, आणि ते इंग्रजी माझ्या हाती आले होते. देवासमोर बसलो की मला त्याचे ओझे जाणवे.

दिवाळीपूर्वी आम्ही जेरंड आणि इन्फिनिटिव या प्रकरणापाशी पोचलो. विषय सांगायला सोपा आहे. काही इंग्रजी क्रियापदांपुढे दुसरे क्रियापद आले, की त्याला आधी 'टु' जोडावा लागतो, आणि काहींपुढे आले की त्याच्या शेवटी 'इंग' लावावे लागते. 'वॉन्ट', 'होप', 'डिसाइड' यांना 'टु' हवा. 'एन्जॉय', 'फिनिश', 'अव्हॉइड' यांना 'इंग'. कोणाला काय हवे, याला सरसकट लागू पडेल असे कारण नाही. माझी मुले मात्र सर्वांना 'टु'च देत. 'आय एन्जॉय टु रीड', 'आय फिनिश टु ईट', असे सारे जण एका सुरात म्हणत.

संस्कृतात इच्छेच्या धातूपुढे 'गन्तुम्', 'पठितुम्' असे तुमन्त रूप येते, तसा 'वॉन्ट'पुढे 'टु' येतो, हे मी मोठ्या आनंदाने समजावले. मुलांनी मान डोलावली.

"मंग एन्जॉयपुढं काऊन नाई येत, गुरुजी?" एका व्यापाऱ्याच्या मुलाने विचारले. "मजा करायची इच्छाच असते ना?"

"तसा प्रयोग शिष्टसंमत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इंग्रज तसे बोलत नाहीत."

"मंग त्याइले काऊन नाई इचारत कोनी?"

वर्ग हसला. मीही हसलो असेन. तेव्हा शेवटच्या बाकावरून भाऊ उठला. तो क्वचितच बोले, आणि बोलण्यापूर्वी एकदा खिडकीबाहेर पाही.

"गुरुजी, एन्जॉय अन् टु, हे भाऊबंद असतीन का?"

"भाऊबंद?"

"आमच्यात सहा देवाचे असतेत, सात देवाचे असतेत. आमी सात देवाचे. सात देवाच्या पोराचं लगन सात देवाच्या पोरीसंगं होत नाई. ते भाऊ-बहीण झाले. त्याले सहा देवाकडची पोरगी पायजे. काऊन, असं कोनी इचारत नाई. ज्याचा देव त्याले ठाव. तसं एन्जॉय अन् टु एका घरचे. म्हनून जमत नाई. एन्जॉयची सोयरीक इंगच्या घरी."

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. हळूहळू सारी मांडणी डोळ्यांसमोर आली. एका घरी एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड आणि त्यांची बहीण टु. दुसऱ्या घरी वॉन्ट, होप, डिसाइड आणि त्यांची बहीण इंग. या घरचे मुलगे त्या घरी सोयरीक करतात, त्या घरचे या घरी. सगोत्र विवाह निषिद्ध, हे ज्याने बालपणापासून ऐकले, त्याला यात नवे काय होते? तरी ते मला सुचले नव्हते. मी त्याच दिवशी फळ्यावर दोन घरे आखली, वर 'सात देवे' आणि 'सहा देवे' असे लिहिले, आणि क्रियापदे आपापल्या घरी बसवली. ज्या मुलांना आठवडाभर काही उमगले नव्हते, ती तासाभरात क्रियापदांच्या सोयरिकी जुळवू लागली. एखाद्याने 'आय होप गोइंग' म्हटले की अर्धा वर्ग ओरडे, "अबे, बहीण होय ना त्याची!"

भाऊची एकच अडचण होती. 'बिगिन' आणि 'लाइक' ही क्रियापदे दोन्ही प्रकारांनी चालतात, हे त्याला मुळीच पटेना. ती दोन्ही घरी जातात, म्हणजे त्यांची चाल बरी नव्हे, असे त्याने ठरवून टाकले होते. निबंधात तो त्यांचे नावही काढीत नसे. "सूर्य उगवू लागला" असे लिहायचे असले, तर "सूर्य उगवला" असे लिहून मोकळा होई.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली आणि भाऊ आला नाही. पहिल्यांदा मला वाटले, धानाची कापणी आहे, येईल. मग छपरीत राहणाऱ्या त्याच्या सोबत्याने खाली मान घालून सांगितले, की सुटीपूर्वीच्या बाजारात मुलांनी भाऊला पाहून मोठ्याने हाका मारल्या होत्या. "अरे भाऊ, तुझी बहीण टु कुठी गेली? सात देवाची टु!" मोहफुलांच्या ढिगांपासून मिठाच्या दुकानांपर्यंत सर्वांनी ते ऐकले होते. आणि भाऊच्या शेजारी त्याचा आजा उभा होता.

"आजानं बोचकं उचललं अन् गाडी जुंपली," मुलगा म्हणाला. "आता भाऊ येत नाई म्हणते."

रविवारी प्रातःसंध्या आटोपून मी त्यांच्या खेड्याकडे निघालो. एका कास्तकाराची गाडी त्या बाजूला जात होती. तिने नाल्यापर्यंत सोडले आणि पुढे मी चालत गेलो. वाटेने मी मनात युक्तिवाद रचीत होतो. शिक्षणाचे महत्त्व, साहेबांचा शब्द, मुलाची बुद्धी, असे सारे ओळीने लावले होते. खळ्यावर पोचलो तेव्हा पाटील धानाच्या पेंढ्यांजवळ उभे होते. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्यांनी मला ओळखले, हात जोडले, पण बसा म्हणाले नाहीत.

"पाटील, मुलगा शाळेत आला नाही."

"धान कापून राह्यला."

"कापणी झाल्यावर येईल ना?"

"नाई."

"परीक्षा जवळ आली आहे. तुमच्या गावच्या शाळेचा प्रश्न आहे."

"शाळा पायजे मले. लई पायजे. पन आमचे देव बजारात कोनं आनले, गुरुजी?"

माझ्या युक्तिवादाचे एकही वाक्य या प्रश्नापुढे उभे राहण्याजोगे नव्हते. तेवढ्यात झोपडीच्या दारातून त्यांच्या सुनेचा आवाज आला. "मामाजी, बसाले तरी सांगा त्याइले. उभ्यानंच भांडता का? एवढ्या दुरून पायी आले."

मग बाज आली. सुनेने विचारले, "पानी चालन का तुमाले?" मी सोवळ्याचा माणूस आहे हे त्या मुलुखात सर्वांना माहीत होते. मला तहान लागली होती. "चालेल, बाई," मी म्हणालो आणि ते पाणी प्यालो. पाटलांनी ते पाहिले, पण त्यांचा चेहरा बदलला नाही.

"आमच्या देवाचं ठाना डोंगरीत हाय," ते म्हणाले. "तिथी जायचं त अनवानी. परक्यापुढं नाव काढत नाई आमी. अन् तुमच्या शाळेतले पोट्टे मिठाच्या दुकानापुढं बोंबलतेत, सात देवाची बहीण कुठी गेली म्हनून. माही नात उभी होती तिथी. खरीखुरी बहीण त्याची. ते रडत घरी आली."

"मुलांनी वाईट केले. मी त्यांना समज देईन."

"पोराइले काय समज देता? फळीवर त तुमीच लिवलं."

"हो. मीच लिहिले."

ते शेताकडे पाहू लागले. लांब कुठेतरी विळ्यांचा आवाज चालू होता. त्यांत एक विळा माझ्या विद्यार्थ्याचा होता. मग ते माझ्याकडे वळले. "तुमाले देव किती, गुरुजी?"

प्रश्नाचा रोख मला कळला. "आम्ही देवांची संख्या सांगत नाही. आम्ही गोत्र सांगतो. ऋषीचे नाव असते. एका गोत्रात आम्हीही लग्न करीत नाही."

"मंग तुमचं गोत्र लिवाल का फळीवर?"

मुंज झाल्यापासून रोज संध्येच्या अभिवादनात, दोन्ही कान धरून, वाकून मी त्या ऋषीचे नाव उच्चारीत आलो होतो. त्याच्याखाली 'फिनिश' आणि 'अव्हॉइड' लिहायचे? आणि ज्या क्षणी मन आखडले, त्याच क्षणी पाटलांना बाजारात काय झाले असेल, ते मला पुरते कळले.

"लिहीन," मी म्हणालो.

"अन् बाईच्या मायेरचं? एका घरानं सोयरीक होत नाई. दुसरं घर लागन."

"तेही लिहीन."

"बाईले इचारलं?"

"नाही अजून."

दारात सून पदर तोंडाला लावून हसत होती. "मंग हे गुरुजी घरी जाऊन मार खातेत, मामाजी. आधी जेवू घाला त्याइले."

पाटील हसले नाहीत. पण त्यांनी नातवाला हाक मारून सीताफळे आणायला लावली. भाऊ विळा कमरेला खोचून आला, माझ्या पाया पडला आणि आजाच्या मागे जाऊन उभा राहिला. माझ्याकडे तो वर्गात पाही तसे पाहत होता, म्हणजे आधी दूर कुठेतरी आणि मग एकदम सरळ. मी सीताफळे खाल्ली. निघताना पाटील एवढेच म्हणाले, "बजाराले येतो मी. पायतो."

घरी येऊन पत्नीला सारे सांगितले. ती पोथीला नवे वस्त्र शिवीत होती. सुईतला दोरा तोडून तिने विचारले, "माझ्या माहेरचं गोत्र फळ्यावर लिहिणार?"

"तुझी संमती असेल तर."

"लिहाल हो. पण पुसतं कोण?"

मी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. फळा रोज शिपाई पुसत असे, पायपुसण्यासारख्या दिसणाऱ्या एका चिंधीने.

"मी पुसेन," मी म्हणालो.

"ओल्या धुतलेल्या फडक्यानं. आणि ते फडकं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही." असे म्हणून तिने आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा फाडून माझ्या हाती दिला. "माझ्या वडिलांना मात्र कळवू नका."

दुसऱ्या दिवशी हातपाय धुऊन मी फळ्यावर एका घरावर 'भारद्वाज' आणि दुसऱ्या घरावर 'कौशिक' असे लिहिले. मुलांना सांगितले, की हे घर माझे आणि ते माझ्या पत्नीचे. आजपासून क्रियापदे येथे राहतील. कोणाच्या देवांची संख्या शाळेत किंवा बाजारात उच्चारायची नाही. वर्ग गंभीर झाला. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"गुरुजी, म्हणजे टु तुमची बहीण?"

"हो."

"अन् इंग काकूंची बहीण?"

"हो."

"म्हणजे इंग तुमची साळी!"

त्या आनंदाला आवर घालणे कोणाच्या हाती नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी आवरले नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी भाजी घ्यायला गेलो. मुलांनी मला दुरून पाहिले. मी मिरच्या निवडीत असताना मिठाच्या दुकानापासून आरोळी आली, "गुरुजी, साळीबाई कुठी आहेत? इंगबाई आल्या नाईत का बजाराले?" भाजीवालीने हातातला तराजू खाली ठेवला. एका कापडवाल्या मुसलमान दुकानदाराने, जो मला रोज अदबीने सलाम करी, गादीवरून मान बाहेर काढून विचारले, "पंडितजी, ससुराल से कोई आया है क्या?"

"आले आहेत," मी म्हणालो. "वर्गात उतरले आहेत. मार्चपर्यंत राहतील."

मी मागे वळलो तेव्हा मोहफुलांच्या टोपलीपलीकडे पाटील उभे होते. ते कधीपासून ऐकत होते, ते मला माहीत नाही. त्यांनी उपरण्याचा शेव तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेलो, तेव्हा त्यांनी डोळे पुसले. "मार खाल्ला का घरी?" त्यांनी विचारले.

"नाही. फडके मिळाले."

फडक्याची गोष्ट मी सांगितली. ती त्यांनी हसत नव्हे, पुरत्या लक्षाने ऐकली. "बाई समजदार हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत त्यांची गाडी पटांगणात येऊन उभी राहिली. भाऊ बोचके घेऊन छपरीत गेला. पाटील मात्र परत फिरले नाहीत. मला बघायचे आहे, एवढेच ते म्हणाले आणि वर्गात शेवटच्या बाकावर नातवाशेजारी, काठी गुडघ्यांत धरून बसले. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी शेजारच्या मुलाकडून फळ्यावरची दोन्ही नावे वाचवून घेतली. मग पूर्ण तासभर ते ताठ बसून होते. देवळात कीर्तन ऐकणारा माणूस बसतो, तसे. मुले त्या दिवशी फार शहाण्यासारखी वागली.

मध्येच भाऊने पुन्हा 'बिगिन'ची तक्रार काढली. मी म्हणालो, की हा शब्द दोन्ही घरी जातो, तो तसाच स्वीकारावा. भाऊची मान हलेना. तेव्हा आजाने त्याला गोंडीत काहीतरी विचारले, त्याने सांगितले, आणि आजा काठी आपटून हसला.

"काय म्हणतात पाटील?" मी विचारले.

भाऊ संकोचला. "आजा म्हणते, तो शब्द परधान असन, आमच्या देवाचा गानारा. परधान किंगरी वाजवत सहा देवाकडंही गाते, सात देवाकडंही गाते, दोन्हीकडं जेवते. त्याले कोनी वाईट म्हनत नाई. त्याले लगनाले बलावलं नाई तरच वाईट."

त्या दिवसापासून भाऊच्या निबंधात प्रत्येक गोष्ट 'बिगिन' होऊ लागली. सूर्य उगवू लागे, पाऊस पडू लागे, वाघ झोपू लागे. मी त्यातल्या निम्म्या खोडीत असे.

मार्चमध्ये परीक्षेला चांद्याला जायचे होते. पाटील स्वतः गाडी घेऊन आले. नदी उतरायला डोंगा, पुढे मूल गावापर्यंत बैलगाडी आणि तेथून आगगाडी असा तो प्रवास होता. मी गणपतीचा अंगारा भाऊच्या कपाळी लावला. पाटलांनी आपल्या कमरेच्या पिशवीतून तांदळाचे चार दाणे काढून, तोंडातल्या तोंडात काही म्हणून, त्याच्या डोक्यावर टाकले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यावर सुखाने राहिल्या. इंग्रजीच्या पेपरात काय आले, ते नंतर त्याने मला सांगितले. मी शिकवलेल्या प्रकरणातला एकच प्रश्न होता, आणि बाकी सारा पेपर पत्रलेखन आणि उताऱ्यांचा होता. व्याकरणाने त्याला किती हात दिला, ते मी सांगू शकत नाही. पण तो परीक्षेला बसला होता, आणि दिवाळीनंतर ज्याची शाळाच सुटली होती, त्याच्यासाठी ते थोडे नव्हते.

निकाल लागला तेव्हा तो तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. ती वार्ता घेऊन मी जाणार होतो, पण नाले भरले होते आणि रस्ता तुटला होता. त्याच्या सोबत्याने पोहत जाऊन सांगितले, असे मी ऐकले.

साहेबांनी शब्द पाळला. हिवाळ्यात मी त्या खेड्यात गेलो, तेव्हा गावाच्या सामाईक छपरीत शाळा भरली होती. भाऊ आता मास्तर झाला होता. आत तो मुलांना आधी गोंडीत आणि मग मराठीत काही सांगत होता, आणि मुले त्याच्या मागोमाग म्हणत होती. मी दाराकडे जाऊ लागलो, तोच बाहेर दगडावर बसलेल्या पाटलांनी काठी आडवी धरली. मला त्यांनी ओळखले होते. त्यांच्या डोळ्यांत तसे स्पष्ट दिसत होते.

"बसा, गुरुजी," ते हळू आवाजात म्हणाले आणि दगडावर सरकून त्यांनी मला जागा करून दिली. "आत जाऊ नका आता. पोरं शिकून राह्यले."

मी त्यांच्या शेजारी बसलो. तास संपेपर्यंत आम्ही दोघेही आतला पाठ ऐकत होतो.